काखेत एक, बोटाला एक: लहान मुलांना घेऊन अमेरिकेहून मुंबईला येताना

पहिल्यांदा न्यू जर्सीहून पुण्याला निघालो तेव्हा आमची मोठी साडेतीन वर्षांची होती आणि धाकटा आठ महिन्यांचा. बरोबर नवरा होता, तरी मुंबईला उतरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. दोन वर्षांनी मी एकटीच दोघांना घेऊन आले आणि ती खेप सोपी गेली. मुलं मोठी झाली होती हे खरंच. पण पहिल्या खेपेला मी प्रत्येक वस्तूपुढे ‘लागली तर?’ असं म्हणत ती बॅगेत टाकली होती, आणि दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बघितली: हे घेतलं तर माझा एक हात मोकळा राहतो का?

न्यूअर्क ते मुंबई थेट विमानाला पंधराएक तास लागतात. घराच्या दारापासून पुण्यातल्या दारापर्यंत धरलं तर पुरते चोवीस. तुम्ही लंडनहून किंवा सिंगापूरहून येणार असाल तर कागदांचा भाग तुमच्यासाठी वेगळा असेल, बाकीचं बहुतेक सगळं उपयोगी पडेल.

१. आधी कागद, मग तिकीट

अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकी नागरिक. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे आई-बाप दोघं भारतीय पासपोर्टवाले असले तरी बाळाला अमेरिकी पासपोर्ट आणि भारतात शिरायला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) लागतं. मांडीवर बसून येणाऱ्या बाळालाही यातून सूट नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचा असतो आणि अर्ज द्यायला मुलासकट दोन्ही पालकांनी जावं लागतं. एकाला जमत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं, त्याचा ठरलेला फॉर्म आहे (डीएस-३०५३).

त्यानंतर ओसीआय. हे काम व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत होतं आणि त्याला आठवडे लागतात, त्यामुळे दिवाळीला यायचं असेल तर गणपतीत अर्ज करून चालणार नाही. आमचा अर्ज फोटोवर अडला होता. पासपोर्टला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. ओसीआयच्या सूचनांत पार्श्वभूमी फिकट रंगाची हवी, पण पांढरी नको, असं लिहिलंय. आम्ही हौसेने एकाच फोटोच्या सहा प्रती काढून ठेवल्या होत्या. तान्ह्याची सही म्हणून अंगठा घेतात. तो झोपेत असताना शाई लावा, जागेपणी मूठ उघडत नाही.

वेळ कमी असेल तर ई-व्हिसा काढा. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, आणि पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. ओसीआय आधीच असेल, पण मधल्या काळात मुलाचा पासपोर्ट बदलला असेल, तर नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर तीन महिन्यांत चढवायचा असतो. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त लक्षात राहत नाही.

बरोबर ठेवायचे कागद असे. मी हे सगळे एका पारदर्शक झिपच्या पाकिटात गळ्यात अडकवते:

- सगळ्यांचे पासपोर्ट, मुलांचं ओसीआय किंवा ई-व्हिसाची छापील प्रत
- मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत, आई-वडिलांची नावं असलेली
- एकच पालक येत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र
- तिकिटांची छापील प्रत, बाळाच्या तिकिटासकट
- लसींची नोंद, चालू औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी

जन्मदाखला कशाला, असं नवऱ्याने विचारलं होतं. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात, अमेरिकी पासपोर्टवर नसतात. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. म्हणजे माझ्या काखेतलं पोर माझंच आहे हे सांगणारा कागद तेवढा एकच.

आणखी एक सापळा: तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल आणि पासपोर्टमधला अमेरिकी व्हिसा संपलेला असेल (मुदतवाढीची मंजुरी हातात आहे, पण नवा शिक्का भारतात जाऊन घ्यायचाय, ही नेहमीचीच स्थिती), तर युरोपात विमान बदलण्याआधी तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. मुलं अमेरिकी, त्यांना काही लागत नाही, अडकतात आई-बाप.

२. तिकीट काढताना

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेता येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के घेतात, वर कर. पण बाळ भारतात असताना दोन वर्षांचं झालं, तर परतीला त्याला स्वतंत्र आसन लागतं. वाढदिवस आजीकडे करायचा बेत असेल तर हा खर्च आधीच धरा.

एजंटकडून किंवा संकेतस्थळावरून बाळाचं नाव ‘टाकलं’ म्हणजे तिकीट निघालं असं नाही. बाळाला स्वतःचा तिकीट क्रमांक असतो. आमच्या वेळी नाव होतं, क्रमांक नव्हता. हे काउंटरवर कळलं आणि पाऊण तास एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पोर बदलत उभं राहावं लागलं. तिकीट काढल्यावर आठवड्याभरात कंपनीला फोन करून क्रमांक लिहून घ्या.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय कंपनीने करायची. दोन तासांपेक्षा कमी अंतर मुलांबरोबर झेपत नाही, डायपर बदलण्यातच अर्धा तास जातो. पाचाच्या वर गेलं की मुलं खुर्च्यांवरून लोळायला लागतात. मला तीन-साडेतीन तास बरे वाटतात.

थेट विमान परवडत असेल तर थेटच घ्या. आणि ‘रात्री अकराचं घेऊ, बसल्या बसल्या झोपतील’ या हिशेबावर विश्वास ठेवू नका. आठला झोपणारं मूल अकरापर्यंत ताटकळलं की झोपत नाही, पिसाळतं. ते नेहमी ज्या वेळी झोपतं त्याच्या जरा आधी सुटणारं विमान सापडलं तर सोनं.

३. जागा आणि पाळणा

सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त भांडले ती या एका गोष्टीसाठी.

विमानात बाळासाठी भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. तो फक्त पुढे भिंत असलेल्या ओळीत लागतो, अशा ओळी मोजक्या असतात, आणि तो फोन करून मागावा लागतो. फोनवर ‘विनंती नोंदवली’ म्हणतात; नोंदवली म्हणजे मिळाली नव्हे. तिकीट काढल्यावर एकदा, निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा आणि काउंटरवर एकदा, असं तीनदा विचारा. वजनाची मर्यादाही विचारा. काही कंपन्यांकडे ती १०-११ किलोच असते, आणि आजीच्या मते ‘वाळलेलं’ बाळही वर्षाचं होईतो तिथवर पोचलेलं असू शकतं.

या ओळीचे तोटे कोणी आधी सांगत नाही. समोर आसन नाही, म्हणजे विमान उडताना आणि उतरताना पायाशी पिशवी ठेवता येत नाही. सगळं वर टाकावं लागतं. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात घडी केलेला असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि मोठीला आडवं करता येत नाही. शिवाय पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही पाळण्यातून उचलायचं. ढगांचे हादरे बसले तर रात्रीतून चार वेळा. धाकटा पाळण्यात सलग पन्नास मिनिटं झोपला, तो आमचा विक्रम. तरीही वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मी पाळणाच मागेन, कारण पन्नास मिनिटं दोन्ही हात मोकळे होते. जेवले.

वर्षाच्या वरच्या मुलासाठी मात्र पैसे जमवून स्वतंत्र आसन घ्यावं आणि गाडीतली कारसीट विमानात न्यावी, या मतावर मी आले आहे. कारसीटवर ती विमानात चालते असं छापलेलं लेबल हवं. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मांडीपेक्षा तेच बरं, हे अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा स्वतः सांगते. मूल रोजच्या ओळखीच्या जागेत बसतं आणि झोपतं. कारसीट सहसा खिडकीशीच लावायला सांगतात. तीच पुढे पुण्यापर्यंतच्या गाडीत कामाला येते. आपल्याकडच्या टॅक्सीत ती मिळेल अशी आशा ठेवू नका.

दोन कुटुंबं एकत्र निघालात आणि दोघांकडे मांडीवरची बाळं असतील, तर शेजारी बसायचा हट्ट धरू नका. तीन आसनांच्या गटाला साधारण चारच ऑक्सिजन मास्क असतात, म्हणून एका गटात एकच तान्हं बसवतात.

४. जेवण आधी सांगा

मुलांचं जेवण निदान दोन दिवस आधी नोंदवा. ते बाकीच्यांच्या आधी येतं. शाकाहारी असाल तर नीट लक्ष द्या: यादीत ‘हिंदू मील’ दिसलं की आपले लोक खूश होऊन टिचकी मारतात. त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मटण असू शकतं. तुम्हाला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’. माझ्या सासूबाई एकदा या चुकीमुळे पंधरा तास पाव-लोणी आणि फळांवर आल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये दशम्या असतात.

५. डॉक्टरांकडे एक फेरी

निघायच्या महिना-दीड महिना आधी जा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराच्या लसीचा एक डोस लवकर द्यावा, अशी सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, शिफारस आहे. वर्षानंतरचे नेहमीचे दोन डोस त्याशिवाय घ्यायचेच. टायफॉईड आणि मलेरियाबद्दल वय आणि गाव सांगून विचारा. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या आजच्या वजनावर लिहून घ्या. सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कान तपासून घ्या.

झोपेसाठी ॲलर्जीचं औषध पाजायचा सल्ला कोणीतरी देतंच. देऊ नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी चेकाळतात, आणि हे जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर कळण्यात अर्थ नाही.

६. पिशव्या

चेक-इनच्या सामानाबद्दल मी काही सांगत नाही, ते नातेवाइकांच्या यादीवर ठरतं. हातातल्या सामानाबद्दल मात्र सांगते: चाकांची बॅग घेऊ नका. एक हात बॅगेला गेला, एक मोठीला, आणि बाळ पोटाशी बांधलेलं. पासपोर्ट कोण काढणार? पाठीवर एक सॅक आणि पोटाशी बाळाचं कॅरियर, बस्स.

सॅकच्या आत मी छोट्या झिपच्या पिशव्या करते. एका पिशवीत एक डायपर, चार-पाच ओले पुसणे, एक कपड्यांचा जोड, एक रिकामी पिशवी. विमानाच्या संडासात सॅक नेता येत नाही, तेवढीच पिशवी न्यायची. दाराबाहेर डायपर बदलायच्या फळीची खूण आहे का बघा, प्रत्येक संडासात ती नसते. चोवीस तासांना बारा डायपर आणि वर पाच धरा. स्वतःसाठीही एक कुडता ठेवा. पहिल्या खेपेला मुलांचे चार जोड होते आणि माझा एकही नव्हता. दुधाची उलटी अंगावर घेऊन मी नऊ तास बसले.

खाण्याचं: दशमी, धपाटे, उकडलेला बटाटा, खजूर. चुरमुरे नकोत, राजगिऱ्याचा लाडूही नको, ते आसनाच्या फटीत जातात आणि मग मूल तिथून वेचून खातं. शेंगदाण्याची चटणी घरी राहू द्या. शेजारच्याला ॲलर्जी असेल तर फार अवघड होतं. बाळासाठी नाचणीसत्त्व किंवा फॉर्म्युला एकेका वेळेचा मोजून वेगळ्या डबीत.

खेळणी कमी आणि आवाज न करणारी. चिकटपट्टीचा रंगीत रोल आणि स्टिकरची वही यांवर आमचे तीन तास निघाले. टॅब्लेटवर कार्यक्रम आधी उतरवून ठेवा आणि मुलांच्या मापाचे हेडफोन घ्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच. चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

७. विमानतळावर

साडेतीन तास आधी पोचा. सुरक्षा तपासणीला १०० मिलिलिटरचा नियम मोठ्यांच्या पाण्याला लागतो. आईचं दूध, फॉर्म्युला, बाळाची पेज हे प्रवासाला पुरेल एवढं नेता येतं. फक्त रांगेत पोचल्या पोचल्या ते वेगळं काढून सांगायचं. सगळं उघडून तपासतील, वेळ जाईल. स्ट्रोलरही घडी करून पट्ट्यावर जातो, म्हणून खालच्या जाळीत काही कोंबू नका.

स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येतो. तिथे तो देताना विचारून घ्या: परत दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर? मधे विमान बदलायचं असेल आणि तो थेट मुंबईला गेला, तर ते तीन तास मूल तुमच्या कडेवर. म्हणूनच मी कॅरियर सोडत नाही.

‘मुलं असणाऱ्यांनी आधी या’ म्हटलं की धावत जाऊ नका. दोन मोठी माणसं असाल तर एकाने सामान आणि कारसीट घेऊन आधी जावं, दुसऱ्याने मुलांना बाहेर शेवटपर्यंत पळू द्यावं.

८. विमानात

उडताना आणि उतरताना बाळाला पाजा, मोठ्याला काहीतरी चघळायला द्या. गिळताना कानातला दाब मोकळा होतो. जास्त त्रास उतरताना होतो, आणि उतरणं चाकं बाहेर आल्यावर नाही, तर अर्धा तास आधीच सुरू झालेलं असतं. आवाज बदलला, कान जड झाले की बाटली काढा. आधीच पाजून ठेवलंत तर ऐन वेळी पोट भरलेलं असतं.

स्ट्रॉची बाटली उघडताना तोंड दुसरीकडे करा. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, बाटलीतला जमिनीवरचाच. झाकण उघडताच कारंजं उडतं. आमचं पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर उडालं. ते सोलापूरचे निघाले, म्हणून निभावलं.

दुधासाठी गरम पाणी मागाल तेव्हा अर्धाच पेला मागा आणि वरून बाटलीतलं गार पाणी घाला. ते फार कढत देतात, आणि मांडीवर मूल असताना तो पेला हातात घेऊ नका, ट्रेवर ठेवायला सांगा. हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी थोडं थोडं सगळ्यांनाच.

दोघं पालक असाल तर पाळ्या लावा आणि त्या बोलून ठरवा: तीन तास तुझे, तीन माझे. ज्याची पाळी नाही त्याने डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मूल रडलं तरी उठायचं नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोघंही सतत जागे होतो, भांडण त्यातूनच झालं. एकटे असाल तर मूल झोपलं की लगेच झोपा, सिनेमा लावू नका. संडासाला जायचं असेल तर बाळ कॅरियरमध्ये, मोठं मूल बरोबर. एकदा मी हवाईसुंदरीला ‘दोन मिनिटं बघाल का’ विचारलं, तिने आनंदाने बघितलं. पण जेवणाच्या गाड्या फिरत असताना कोणालाच वेळ नसतो.

मूल रडणारच. माफीच्या चिठ्ठ्या आणि चॉकलेटं शेजाऱ्यांना वाटायची एक पद्धत निघाली आहे, ती मला पटत नाही. मुंबईच्या विमानात दहा आज्या असतात. पाचव्या मिनिटाला एक उठून येते आणि पोर मागून घेते. द्या.

९. मुंबईला उतरल्यावर

इमिग्रेशन, सामान, कस्टम्स या क्रमाने बाहेर. सामानाच्या पट्ट्यापाशी मुलाला ट्रॉलीवर बसवू नका, आधी बॅगा येऊ द्या. बाहेर न्यायला येणाऱ्यांची गर्दी मोठी असते, म्हणून कुठल्या खांबापाशी भेटायचं ते आधी ठरवा. इथलं सिम नसेल तर आतल्या वायफायवरूनच फोन करून निघा.

पुण्याला जायचं असेल तर लगेच गाडीत बसायची घाई नको. पंधरा तास एकदाही न ओकलेली आमची मोठी खंडाळ्याच्या घाटात ओकली. दूध पाजून लगेच घाटात शिरू नका, आणि एक झिपची पिशवी हाताशी ठेवा.

१०. पहिले पाच दिवस

न्यू जर्सी आणि भारत यांत उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. म्हणजे मुलांची रात्र तो तुमचा दिवस. शरीर साधारण दिवसाला एक तास सरकतं, त्यामुळे आठवडा तरी जातो. रात्री एक ते चार मुलं टक्क जागी. त्यांना झोपवायची खटपट करू नका; मंद दिवा, फ्रिजमधला वरण-भात गरम करून द्या, जमिनीवर बसून खेळा. सकाळी मात्र सात वाजता उठवून उन्हात न्या, दुपारची झोप दीड तासावर तोडा. सगळ्यांत अवघड काम हेच आहे, कारण आजी म्हणते, झोपू दे गं, दमलंय लेकरू.

पहिले दोन दिवस कोणाला भेटायला बोलवू नका. पाणी उकळलेलं किंवा गाळलेलं, बाहेरची चटणी-बर्फ नको, घरात ओआरएसची पाकिटं, आणि संध्याकाळी मच्छरदाणी.

११. परतताना

मुंबईत टर्मिनलच्या दारावरच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, बाळाचंही. त्याची छापील प्रत वेगळी काढून ठेवा. आतल्या तपासणीत बायकांची झडती पडद्याआड वेगळी होते, त्यामुळे आई आणि बाबा वेगळ्या रांगांत जातात. कोणतं मूल कोणाबरोबर हे आधीच ठरवा.

अमेरिकेत उतरताना खाण्याचे सगळे पदार्थ जाहीर करा. लाडू-चकलीला अडवत नाहीत. न सांगता नेलेलं सापडलं तर दंड होतो. ताजी फळं, मांस आणि कढीपत्ता चालत नाही. आदल्या रात्री बॅग स्वतः उपसून बघा, कितीही उशीर झाला तरी. मी साड्यांच्या घडीतून तीन जुड्या कढीपत्ता काढला होता, आणि आई म्हणाली, मला वाटलं घडीत वास लपेल.